‘चेक’ एक की पाच?

प्रश्न असा आलाय: इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना ‘चेक’ हा शब्द दर वाक्यात वेगळा निघतो. कुठे तपासणं, कुठे रोखणं, कुठे शर्टावरचे चौकडे, कुठे बँकेचा चेक, कुठे बुद्धिबळातला शह. कोशात त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या दिसतात. मग हे योगायोगाने सारखे झालेले पाच शब्द समजायचे की एकच? बँकेचा चेक अरबी ‘सक्क’वरून आला असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, ते खरं का? आणि मराठीत कुठे काय लिहायचं हे ठरवायचं कसं?

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. शब्द एकच आहे आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून उठलाय. ‘सक्क’ची व्युत्पत्ती इंग्रजीतल्या पुराव्यापुढे टिकत नाही. मराठीत काय लिहायचं हे मात्र वाक्यावर आणि वाचकावर ठरतं. तिथे एक ठोक उत्तर नाही, पण ठरवायची रीत आहे.

एका उच्चाराला अनेक अर्थ चिकटतात ते दोन वाटांनी. कधी मुळात वेगळे असलेले शब्द झिजून एकसारखे होतात. जुन्या मराठीत ‘मात’ म्हणजे गोष्ट, वार्ता. आणि ‘संकटावर मात केली’ यातली मात फारसीतून आलेली, पटावरची. या दोघींचं नातं काही नाही. दुसरी वाट म्हणजे एकाच शब्दाला फांद्या फुटणं. पान झाडाचं, वहीचं, विड्याचं आणि ‘पानं वाढली’ म्हणतो तेव्हा जेवणाचं. पण मूळ एकच, पर्ण. ‘चेक’ हा ‘पान’च्या जातीचा आहे. कोशकार नोंदी तोडतात त्या वाचकाच्या सोयीसाठी: नाम वेगळं, क्रियापद वेगळं, स्पेलिंग बदललं की नवी नोंद. नोंदी वेगळ्या म्हणून मुळं वेगळी, असा निष्कर्ष कधीच काढू नये.

आता मुळाकडे. बुद्धिबळ आपल्याकडे चतुरंग, म्हणजे चार अंगांचं सैन्य, होतं, इराणात गेल्यावर चतरंग झालं, अरबांकडे शतरंज. राजावर हल्ला करणारी चाल केली की समोरच्याला ‘शाह!’ असं बजावायची पद्धत होती. म्हणजे ‘राजा सांभाळा’. हा खेळ अरबांबरोबर स्पेन आणि इटलीमार्गे युरोपात उतरला तेव्हा ती आरोळीही गेली. लॅटिनमध्ये तिचं ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्चेक’, आणि इंग्रजीने सुरुवातीचा ‘एश्’ गाळून ‘चेक’ ठेवला. याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन ‘एश्चेस’, त्यावरून इंग्रजीतलं खेळाचं नाव ‘चेस’. म्हणजे ‘चेस’चा शब्दशः अर्थ ‘शहांचा खेळ’.

मराठीला मात्र युरोपचा वळसा घ्यावा लागला नाही. आपला ‘शह’ सरळ फारसीतून आला. त्यामुळे पटावरच्या ‘चेक’साठी ‘शह’ लिहितो तेव्हा भाषांतर असं काही होतच नाही. दूर गेलेल्या भावाच्या जागी घरातला भाऊ उभा राहतो. मागे आणखी खोल जायचं तर प्राचीन फारसीतला ‘ख्शायथिय’ म्हणजे राजा. इ.स.पू. ५२०च्या सुमाराच्या, इराणचा सम्राट पहिला दरायस याच्या बेहिस्तून शिलालेखात ‘राजांचा राजा’ या अर्थाने तो जोडीने येतो. त्याचाच पुढे शहेनशाह झाला. राज्य करणे या अर्थाच्या ज्या मुळातून तो निघाला, त्यातूनच संस्कृतातले क्षत्र आणि क्षत्रिय, फारसीतून आलेला आपला ‘शहर’ आणि नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात नहपान राजाला लावलेली ‘क्षत्रप’ ही पदवी. पण नुसत्या उच्चारावर विसंबून या घरात कुणालाही ओढू नका. ‘शहाणा’चा शाहशी संबंध नाही.

‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. इथे दोन मतं चालतात. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, जागच्या जागी खिळलेला. मला दुसरं पटतं, कारण खेळाचा नियमच तसा आहे: राजा कधी मारला जात नाही, त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. इंग्रजीत मित्राला ‘मेट’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध लावू नये. तो जर्मन घराण्यातला शब्द, मूळ अर्थ एकत्र जेवणारा, म्हणजे आपला ‘एका ताटात जेवणारा’.

पटावरून दोन वाटा फुटतात, आणि पुढचा सगळा गुंता सोडवायचा तर एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरतं. एक वाट ‘राजा सांभाळा’ या आरोळीची. दुसरी पटाची, त्यावरच्या घरांची.

पहिली वाट आधी. शह बसला की समोरच्याला मनातली चाल सोडून द्यावीच लागते. राजा हलवायचा, मध्ये मोहरं घालायचं किंवा शह देणारं मोहरं मारायचं. चौथा मार्ग नाही. म्हणून इंग्रजीत चौदाव्या शतकातच ‘चेक’चा अर्थ ‘चालत्या गोष्टीला अवचित बसलेली खीळ’ असा झाला आणि त्यातून रोखणे, थोपवणे, आवरणे. आज कानाला ‘तपासणे’ हा अर्थ पहिला वाटतो. वयाने मात्र ‘रोखणे’ थोरला आहे. ‘चेक’च्या मराठी भाषांतरातल्या कितीतरी चुका हा क्रम न कळल्यामुळे होतात.

हा थोरला अर्थ आपल्या आजूबाजूला, विशेषतः कारागिरांच्या बोलीत, ठणठणीत जिवंत आहे. चेक डॅम घ्या. ओढ्याला आडवा घातलेला बुटका बांध. पाणी साठवून ठेवणं हा त्याचा मुख्य हेतू नसतो, धावणाऱ्या पाण्याचा वेग मोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि पाणी जमिनीत मुरवायचं. इथल्या ‘चेक’मध्ये तपासणी औषधालाही नाही. मराठीत त्याला जातीनुसार नावं आहेत: सिमेंटचा असेल तर सिमेंट नालाबांध, रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पावसाळ्याच्या शेवटी घातलेला वनराई बंधारा, जात माहीत नसेल तर नुसता बंधारा. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘तपासणी धरण’ वाचायला मिळतं, तेव्हा नेमकं काय हुकलं हे आता कळेल.

तसाच चेक व्हॉल्व. पाणी एका बाजूला जाऊ देतो, उलटं फिरलं की पडदा आपोआप बसतो. विहिरीवर पंप असणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा फूटव्हॉल्व हा त्याचाच एक प्रकार, पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाला बसवलेला. त्याच्या पडद्यात काडी अडकली किंवा वॉशर झिजला की पंप बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरतं, पंप हवा धरतो आणि दर वेळी वरून पाणी ओतून तो भरावा लागतो. म्हणजे ‘चेक’ निकामी झाला. प्लंबर चेक व्हॉल्वला ‘एनआरव्ही’, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणतात. लिहिताना ‘एकमार्गी झडप’ चालेल, पण ‘तपासणी झडप’ कधीच नाही.

आणि चेकनट. सायकलच्या चाकाच्या ॲक्सलवर आधी कोन, म्हणजे छर्‍यांना टेकणारा शंकूच्या आकाराचा नट, येतो, त्यावर वॉशर आणि वर चेकनट. कोन फार आवळला तर चाक जड फिरतं, सैल सोडला तर डगडगतं. तो नेमका जुळवला की पातळ पान्याने जागेवर धरायचा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट त्याच्यावर आवळायचा. दोन्ही एकमेकांवर दाबले जातात, म्हणून हादऱ्याने कोन फिरत नाही. चेकनटचं काम एवढंच: दुसऱ्याला जागचं हलू न देणं. हा शब्द मराठी कारखान्यांत इतका मुरलाय की भाषांतर करायला जाऊ नये.

रोखण्यावरून तपासण्यावर गाडी कशी गेली? मधला दुवा आहे अफरातफर. पैशाच्या व्यवहारात लबाडी रोखायची तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एकाच गोष्टीची नोंद दोन जागी ठेवायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत की चोर सापडला. आधी ‘चेक’ म्हणजे लबाडीला घातलेला आळा. मग आळा घालायचं साधन, म्हणजे दुसरी नोंद. मग त्या नोंदीशी ताडून बघणं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘ताडून पाहणे’ हा अर्थ इंग्रजीत रुळलेला दिसतो, आणि तिथून पुढे नुसतं ‘बघून खात्री करणे’. म्हणून ‘पडताळणी’ हा मराठी शब्द या अर्थाला ‘तपासणी’पेक्षा जवळचा आहे: पडताळायला दोन गोष्टी लागतात. ताडताना यादीवर केलेली बरोबरची खूण हीही मग ‘चेक’ झाली, विशेषतः अमेरिकेत.

याच टप्प्यावर ‘चेक’ला आणखी एक अर्थ चिकटला, जो मराठीत सहसा हुकतो: वस्तू ताब्यात दिल्याची खूण म्हणून मिळालेला बिल्ला किंवा चिठ्ठी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतं तसलं टोकन. विमानप्रवासातलं ‘चेक्ड बॅगेज’ म्हणजे तपासलेलं सामान नव्हे. तपासणी तर हातातल्या पिशवीचीही होते. ते बिल्ल्याच्या बदल्यात कंपनीच्या हवाली केलेलं सामान. ‘सोपवलेलं सामान’ किंवा सरळ ‘चेक-इनचं सामान’ लिहावं. अमेरिकेतल्या खाणावळीत ‘चेक प्लीज’ म्हणतात तेव्हा गिऱ्हाईक बिल मागत असतं, धनादेश नव्हे. मराठी उपशीर्षकांत हा घोळ नेहमी दिसतो. ‘रेन चेक’ही याच कुळातला. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला की पुढच्या सामन्यासाठी मिळणारी चिठ्ठी. म्हणून कुणी ‘रेन चेक’ घेतो म्हणाला तर ‘आत्ता नको, पुन्हा कधीतरी’.

आता बँकेचा चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे पैशाच्या कागदाचं अर्धुक, देणाऱ्याने स्वतःकडे ठेवायचा तुकडा. कुणी आकडा बदलून कागद आणला तर अर्धुकाशी ताडायचा. त्या काळी स्पेलिंगही तपासणीच्या चेकचंच होतं. मग नाव अर्धुकावरून सरकत पूर्ण कागदाला लागलं. नवं स्पेलिंग, ज्याच्या शेवटाकडे ‘क्यू’ हे अक्षर येतं, ते पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये स्थिरावलं, कारण बँकवाल्यांना संदिग्धता टाळायची होती आणि समोर ‘एक्सचेकर’चा, म्हणजे सरकारी खजिन्याच्या नावाचा, नमुना होता. अमेरिकेने जुनंच ठेवलं. भारतात १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट ब्रिटिश स्पेलिंग वापरतो, म्हणून आपल्या चेकबुकावर तेच.

त्या कायद्याच्या कलम ६प्रमाणे चेक म्हणजे नेमक्या एका बँकेवर काढलेली आणि मागताक्षणी देय असलेली हुंडी. म्हणून ‘धनादेश’ हा शब्द कायद्याच्या अंगाने नेमका बसतो. कागदाचं मर्म आदेशातच आहे. पण शब्द निवडताना वाचक कोण ते बघा. नोटीस, करारनामा, सरकारी पत्र असेल तर ‘धनादेश’. गोष्ट, मुलाखत, ग्राहकाला पाठवायचा निरोप असेल तर ‘चेक’. क्रियापद मात्र दोन्हीकडे एकच ठेवा: चेक वटतो, वटवला जातो किंवा वटत नाही. हे क्रियापद हुंडीच्या जमान्यापासून चालत आलंय आणि ‘बाउन्स झाला’पेक्षा छापील मजकुरात चांगलं दिसतं. ‘चेकची मुदत’ लिहिताना जुन्या मजकुरातला सहा महिन्यांचा आकडा उचलू नका. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो.

‘सक्क’चं म्हणणं पूर्ण हवेतलं नाही, म्हणून नीट बघू. अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्त, आणि तो स्वतः फारसी ‘चक’वरून घेतलेला. मध्ययुगीन मुसलमानी व्यापारात असे कागद चालत, ते आजच्या चेकसारखंच काम करत. उच्चार जवळचा, काम सारखं, मोह पडणारच. पण व्युत्पत्तीत नुसतं दिसणं पुरत नाही, शब्द कुठल्या वाटेने आला हे दाखवावं लागतं. अरब व्यापारातून युरोपात गेलेले शब्द इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा पायऱ्या चढत इंग्रजीपर्यंत आले. टॅरिफ तसा आला आणि प्रत्येक पायरीवर त्याची पावलं दिसतात. बँकेच्या चेकची पावलं उलटी पडलेली आहेत: फ्रेंचने तो शब्द इंग्रजीकडून घेतला, आणि इटालियनमध्ये चेकला मुळात ‘असेन्यो’ हा निराळाच शब्द आहे. दुसरं, तो दस्ताच्या नावावरून आला असता तर इंग्रजीत आधी दस्त आणि नंतर अर्धुक हा अर्थ सापडायला हवा होता. सापडतो तो बरोब्बर उलट. सारखी गरज दोन ठिकाणी सारखा कागद जन्माला घालते, हुंडी हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. नाव उसनं घ्यावंच लागतं असं नाही.

इथवरचा माग असा: शह, रोखणं, लबाडी रोखणं, ताडून बघणं, ताडायचं अर्धुक, बँकेचा चेक. ही झाली आरोळीची वाट. पटाची वाट अजून बाकी आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त रंगतदार वाटते.

लॅटिनमध्ये बुद्धिबळाचा पट म्हणजे ‘स्काकारियुम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्चेकिए’. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब ज्या मेजावर होई त्याला लोक हेच नाव देऊ लागले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या लॅटिन संवादात त्या मेजाचं वर्णन आहे. लांबी सुमारे १० फूट, रुंदी ५ फूट. वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून भोवती चार बोटं उंचीची कड. त्यावर ईस्टरच्या सत्रात विकत घेतलेलं काळं कापड, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने मारलेल्या रेघा. रेघांमधल्या रकान्यांत सोंगट्या मांडायच्या: एक रकाना पेन्सचा, पुढचा शिलिंगचा, मग पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, हजार पौंड. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड असल्यामुळे पहिल्या रकान्यात बारा सोंगट्या झाल्या की उचलायच्या आणि शेजारी एक ठेवायची.

हा खटाटोप का? रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. कापडावरचा रकाना स्थानमूल्याचं काम करतो आणि रिकामा रकाना म्हणजे आपोआप शून्य. शिवाय वाचता न येणाऱ्यालाही मेजाभोवती बसून सोंगट्या मोजता येतात, म्हणजे लबाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावी लागते. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला आपल्या परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. पटावर दोन राजे लढतात तसे इथे हे दोघे लढतात, हे खुद्द त्या संवादातच म्हटलंय. म्हणजे नाव कुणी मागाहून जोडलेलं नाही. तिथे बसणाऱ्यांनाच तो पट दिसत होता. फ्रेंच नावाचं सुरुवातीचं ‘एश्’ पुढच्या लेखनिकांना लॅटिन ‘एक्स’ वाटलं आणि ते ‘एक्सचेकर’ असं लिहू लागले. ती चूक आजही चालू आहे: ब्रिटनचा अर्थमंत्री ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ असतो, अक्षरशः पटाचा अधिकारी. मराठी बातमीत ‘अर्थमंत्री’ लिहावं. ‘एक्सचेकरचे कुलपती’ असं काही लिहू नये.

त्याच कचेरीतली पावतीही बघण्यासारखी होती. हेझलच्या काठीवर रकमेच्या खाचा पाडत आणि काठी उभी चिरून दोन अर्धुकं करत, एक देणाऱ्याकडे, एक खजिन्यात. खाचेचं माप ठरलेलं: हजार पौंडांना तळव्याच्या जाडीची, शंभरांना अंगठ्याच्या रुंदीची, विसांना करंगळीची, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगची त्याहून बारीक, आणि पेन्सला नुसती एक चीर, लाकूड न काढता. हिशेबाच्या दिवशी दोन अर्धुकं जुळवून बघायची. एका बाजूने खाच वाढवली तर दुसरी बोंब मारते. चेकबुकाचं अर्धुक याच युक्तीचा कागदी अवतार. या काठ्या १८२६पर्यंत चालल्या. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ला वेस्टमिन्स्टर राजवाड्यातल्या भट्ट्यांत जाळताना संसदेचीच इमारत पेटली.

पटावरच्या घरांवरून ‘चेकर’ म्हणजे चौकड्यांची नक्षी, आणि त्याचं आखूड रूप ‘चेक’. चेक्सचा शर्ट हा असा पटाचा नातू. मराठीत चौकडीचा शर्ट किंवा चौकडा म्हणतातच. गोव्याच्या कुणबी साडीची ओळखच तिच्या तांबड्या चौकड्यांनी होते. शर्यत संपल्यावर हलवतात तो काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा, अमेरिकेत सोंगट्यांच्या खेळाचं ‘चेकर्स’ हे नाव आणि फूटपाथवरच्या ‘चेकर्ड टाइल्स’ याच वाटेवरच्या. फॅब्रिकेशनवाल्यांची ‘चेकर्ड प्लेट’ही यातलीच. जिन्याच्या पायऱ्यांना आणि ट्रकच्या फळीला घालतात ती उठावाची लोखंडी पट्टी, पाय घसरू नये म्हणून. ती ‘तपासलेली प्लेट’ नसते, हे निविदेच्या भाषांतरात सांगावं लागतं.

गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला ‘शद्रेश’ म्हणतात, जो अरबी शतरंजमधून, म्हणजे शेवटी आपल्या चतुरंगातून आला. आणि चौकडीच्या कापडालाही तेच नाव. इंग्रजीत राजाच्या नावावरून आणि पोर्तुगीजमध्ये सैन्याच्या नावावरून, दोन्हीकडे गाडी चौकडीच्या कापडावरच येऊन थांबली.

‘चेकर्ड करिअर’ हाही पटाचाच शब्द: काळं घर, पांढरं घर. चढउतारांची कारकीर्द. पण इंग्रजी वाक्याचा रोख बघा. बहुतेक वेळा बोलणाऱ्याला काळी घरं दाखवायची असतात. ‘चेकर्ड पास्ट’ म्हटलं की ‘वादग्रस्त भूतकाळ’च जवळचा.

आता वाक्य समोर आल्यावर काय करायचं. क्रियापदाचं कर्म कोणतं ते आधी बघा. रोग, महागाई, पूर, राग, शत्रू अशी पसरणारी किंवा धावणारी गोष्ट असेल तर ‘रोखणे, आळा घालणे’. यादी, पत्ता, ताप, टायरमधली हवा अशी बघून कळणारी गोष्ट असेल तर ‘तपासणे, बघणे’. ‘रोगाचा प्रसार तपासण्यासाठी उपाय’ असं वाक्य छापून येतं, तिथे हेच चुकलेलं असतं. ‘पुराचं पाणी चेक’ मात्र दोन्हीकडे जाऊ शकतं. पातळी मोजतायत की अडवतायत, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका.

मग शब्दाला चिकटलेली शेपटं. ‘कीप इन चेक’ म्हणजे आटोक्यात ठेवणे. ‘कीप अ चेक ऑन’ म्हणजे लक्ष ठेवणे. दिसायला जुळी, अर्थाने दूर. ‘चेक अप ऑन’ माणसाबद्दल असेल तर खबर घेणे, विचारपूस करणे. ‘चेक विथ युअर डॉक्टर’चं ‘डॉक्टरांबरोबर तपासा’ होत नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच. ‘अनचेक्ड’ वाढीपुढे आला तर बेसुमार, बेलगाम. अर्जातल्या चौकोनापुढे आला तर ‘खूण न केलेला’. ‘चेक द बॉक्स’ म्हणजे चौकोनात खूण करा, चौकोन तपासू नका. दुकानाच्या ॲपवरचं ‘चेकआउट’ मी ‘पैसे भरा’ असं लिहितो, कारण बोट तिथे ठेवणाऱ्याला पुढे तेच करायचं असतं. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं ‘नियंत्रण आणि संतुलन’ रूढ झालंय, ते मोडायला नको. पण लेख सामान्य वाचकासाठी असेल तर ‘एकमेकांवरचा अंकुश’ने मुद्दा चटकन पोचतो. तपासणीची धरणं आणि तपासलेल्या बॅगा यंत्राच्या भाषांतरात हमखास सापडतात, म्हणून तयार मजकुरावर शेवटचा हात फिरवताना ‘तपास’ हा शब्द शोधायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी त्याजागी ‘रोख’ घालून वाक्य वाचा. जिथे ‘रोख’ जास्त शहाणं वाटेल तिथे थांबून मूळ बघा.

राहिला एक उपरा. देवनागरीत तपासणीचा चेक, बँकेचा चेक आणि मध्य युरोपातल्या देशाचा चेक एकसारखेच दिसतात, कारण इंग्रजी स्पेलिंगचा आधार इथे उरत नाही. देशाच्या नावाचा पटाशी, राजाशी, कशाशीही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव लोकांचं स्वतःचं नाव, आणि त्याचं चमत्कारिक इंग्रजी स्पेलिंग पोलिश भाषेकडून आलेलं. हा खरोखरच योगायोगाने सारखा झालेला शब्द, वर सांगितलेल्या ‘मात’च्या जातीचा. ‘चेक बँकेने चेक चेक केले’ अशी वेळ येऊ नये म्हणून देशासाठी ‘चेकिया’ लिहा, २०१६पासून ते त्यांचं अधिकृत आखूड नाव आहे. बँकेच्या कागदाला अशा मजकुरात ‘धनादेश’, आणि तपासणीला मराठी क्रियापद.